पाळी गेलेल्या बाईच्या हाती नुसती कॅल्शियमची पट्टी देऊ नका : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पाळी थांबलेली बाई कंबर दुखते, थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येते. घरी जाताना पुष्कळदा तिच्या पिशवीत कॅल्शियमची पट्टी, बी-कॉम्प्लेक्स आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या असतात. खासगीत गेली असेल तर एखादी मल्टिव्हिटॅमिन आणि केसांसाठी बायोटिनही. कमरेचा घेर मात्र कोणी मोजलेला नसतो, उपाशीपोटी साखर तपासलेली नसते आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची चौकशीही झालेली नसते. आम्ही डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि औषधनिर्माते आहोत. याच वयाच्या स्त्रियांसोबत आमचे रोजचे काम चालते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना आमचा विरोध नाही. ज्या बाईत खरी कमतरता आहे तिला त्या मिळाल्याच पाहिजेत, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी. पण या गोळ्यांनी पोटावरची चरबी, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात येते ही समजूत चुकीची आहे, आणि त्या समजुतीपोटी तपासणीची सर्वांत मोलाची वर्षे वाया जात आहेत. हे पत्र त्यासाठी.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. इस्ट्रोजेन कमी झाले की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. इन्सुलिनला पेशी पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ठळकपणे वाढते. हाडांची झीज वेगाने होते आणि स्नायू घटतात. वजनकाट्यावर यातले काहीच दिसेल असे नाही, कारण स्नायू जातो आणि त्याच्या जागी चरबी येते. आपल्याकडे हा धोका आणखी मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिले आहे की भारतीय शरीर बारीक दिसले तरी आत चरबी जास्त बाळगते. म्हणून “बाई तर काटक आहे, तिला कसली शुगर” हे वाक्य आरोग्य केंद्रात ऐकू येता कामा नये.

आता गोळ्यांबद्दल जे पुरावे आहेत ते सांगतो. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ‘ड’ किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली होती. सुमारे सात वर्षांनंतर खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्का बरी निघाली, खुब्याच्या फ्रॅक्चरमधला फरक नक्की म्हणण्याइतका नव्हता, मधुमेह कमी झाला नाही, आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी-टू-डी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट ‘ड’ दिले. अडीच वर्षांत मधुमेहात ठोस फरक पडला नाही. पुढे अशा तीन चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटलेला दिसला. हेही आम्ही लपवत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि ‘ड’ची कमतरता असलेल्या बाईला ‘ड’ द्यावे, हे आम्हीही मानतो. पण त्या १५ टक्क्यांच्या शेजारी आपल्याच देशातला आकडा ठेवून बघा : २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीत आहार आणि चालण्याच्या सल्ल्याने धोका २८.५ टक्क्यांनी घटला होता. अमेरिकेतल्या तशाच चाचणीत, जिथे वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य होते, तो ५८ टक्क्यांनी घटला. ‘ई’ जीवनसत्त्वाचे तर नावच काढायला नको. जवळजवळ ४०,००० स्त्रियांवरच्या दहा वर्षांच्या चाचणीत त्याने हृदयविकाराचे प्रमाण कमी केले नाही.

या दृष्टीने पाहता आपल्या हाती एक चांगले साधन आधीच आहे. तिशीपुढच्या प्रत्येक व्यक्तीसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची नोंद) भरतात, त्यात कमरेचा घेर आहे, व्यायाम आहे, घरातला मधुमेह आहे, तंबाखू आहे. बाईचा घेर ८१ ते ९० सेंटिमीटर असेल तर एक गुण, ९०च्या वर दोन गुण, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीत तिला प्राधान्य. त्यात “पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का” हा कर्करोगासाठीचा प्रश्नही आहे. पण पाळी जाऊन किती वर्षे झाली आणि पिशवी (गर्भाशय) काढली आहे का, हे दोन प्रश्न त्यात नाहीत. ते महाराष्ट्राच्या पातळीवर जोडावेत, ही आमची पहिली मागणी.

दुसऱ्या प्रश्नाचे वजन बीडकडे पाहून कळेल. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. चर्चा झाली ती शस्त्रक्रिया का झाल्या याची, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या स्त्रियांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र मागे पडला. पस्तिशीत पिशवीसोबत दोन्ही अंडाशये काढली गेली असतील तर त्या बाईची रजोनिवृत्ती त्याच दिवशी झाली. नैसर्गिक पाळी जाते तशी हळूहळू नव्हे, एका झटक्यात. अंडाशये ठेवली असली तरी त्यांचे काम लवकर थांबू शकते, आणि पाळी नसल्याने ते कधी थांबले हे तिलाही कळत नाही. अशा बाईच्या हाडांची झीज आणि हृदयाचा धोका पन्नाशीची वाट पाहत नाही. तिला ४५च्या आधी रजोनिवृत्ती आली असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी असा अडसर नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन उपचार देता येतील का, याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनी घ्यायला हवा. तिच्या हाती कॅल्शियमची पट्टी देऊन हा प्रश्न मिटत नाही. डिस्चार्ज कार्डावर “अंडाशये ठेवली / एक काढले / दोन्ही काढली” हे मराठीत स्पष्ट लिहिणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक करा. आज हे कार्ड हाती आले तरी त्यावरच्या इंग्रजी लघुरूपांतून काही समजत नाही, आणि दहा वर्षांनी तर कार्डच सापडत नाही.

घेर मोजण्याबद्दल. टेप शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये धरायची असते. साडी नेसलेल्या बाईची परकराची नाडी नेमकी तिथेच असते. नाडीवरून टेप घेतली की निऱ्यांची जाडी मोजली जाते, आणि नाडी घट्ट असेल तर पोट आवळल्यामुळे घेर कमी येतो. नाडी सैल करून, कापड बाजूला सारून, पाय थोडे फाकवून उभे राहायला सांगावे. श्वास सहज सोडल्यानंतर वाचन घ्यावे. पोट आत ओढायला सांगू नये. यासाठी आडोसा लागतो. घराच्या ओसरीवर सासऱ्यांसमोर हे होत नाही, आणि मग फॉर्मवर अंदाजाने “८०” लिहिले जाते. आरोग्य केंद्रात एक पडदा आणि न ताणणारी फायबरची टेप एवढाच खर्च आहे. शिंप्याची कापडी टेप वापराने सैल होते.

घेर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ५०पेक्षा कमी. या पाचपैकी तीन गोष्टी असल्या की चयापचयाचा विकार आहे असे धरतात. शिबिरात बोटाला सुई टोचून कधीही घेतलेली साखर १४०च्या आत आली की बाईला “नॉर्मल” सांगून पाठवतात. तिची उपाशीपोटीची साखर ११५ असू शकते. पाळी गेलेल्या आणि घेर वाढलेल्या बाईची वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल व चरबी) तपासणी मोफत व्हावी. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकट्यावर विसंबू नये, कारण रक्तात लोह कमी असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

लोहाचा विषय निघाला म्हणून इथेच सांगतो. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातली आठवड्याची लोह-फॉलिक गोळी ४९व्या वर्षापर्यंत आहे. पाळी गेली की दरमहा जाणारे लोह थांबते आणि गरज कमी होते. त्यामुळे पाळी जाऊन तीन वर्षे झालेल्या बाईचे हिमोग्लोबिन ८ निघाले तर पुन्हा लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका. रक्त कुठून जाते आहे ते शोधा : मूळव्याध, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला जठराचा व्रण, आतड्याचा कर्करोग. आणि कारण बी-१२ची कमतरताही असू शकते.

बी-१२ बद्दल आम्हाला सर्वांत जास्त तळमळ आहे, कारण इथे गोळी खरोखर उपयोगी आहे आणि नेमकी इथेच ती चुकीची दिली जाते. शाकाहारी घरात बी-१२ फक्त दूध-दह्यातून मिळते, आणि चहात टाकलेल्या चार चमचे दुधात ते नगण्य असते. वय वाढते तसे जठरातले आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ सुटे होत नाही. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या पॅन्टोप्राझोलने ते आणखी घटते. आणि मधुमेहासाठी दिलेले मेटफॉर्मिन चार-पाच वर्षे घेतले की आतड्यातून बी-१२ शोषले जाण्यात अडथळा येतो. आता ही तिन्ही कारणे एकाच बाईत धरा : शाकाहारी, ॲसिडिटीची गोळी, मेटफॉर्मिन. तिच्या तळपायाची आग “शुगरची” म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिली जाते. तिला नुसती फॉलिक ॲसिड किंवा लोह-फॉलिक दिली तर रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वर येते आणि सगळे समाधानी होतात. मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते आणि पुढे चालताना तोल जाऊ लागतो.

म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक बाईचे बी-१२ दरवर्षी तपासा. २००पेक्षा कमी म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे संशय. मुंग्या, आग, तोल जाणे ही लक्षणे असतील तर सुरुवातीला १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने. नसतील तर रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच असताना एवढी मोठी मात्रा का, असे विचारले जाते. शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी साधारण एक टक्का बी-१२ आपोआप झिरपून आत जाते, आणि हजाराचा एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम. बी-कॉम्प्लेक्सच्या साध्या गोळीत बी-१२ बहुधा काही मायक्रोग्रॅमच असते आणि काहींत नसतेच. ती पट्टी म्हणजे बी-१२चा उपचार नव्हे, हे औषधभांडाराच्या यादीत वेगळ्या ओळीत दिसायला हवे.

कॅल्शियमची गरज पाळी गेल्यानंतर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशी सांगतात. ही गरज अन्नासह एकूण आहे, गोळीतून १,२०० नव्हे. आधी ताटाचा हिशेब करावा. २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४०, नाचणीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १७०च्या आसपास, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, किनाऱ्यावर काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी. पालकावर भिस्त ठेवू नये, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकून पडते. यातून ७०० मिळत असेल तर ५००ची एक गोळी बस्स. दोन गोळ्या एकदम घेतल्या तर दुसरी बरीचशी वाया जाते. गोळीवर “१,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट” लिहिले असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असते. कार्बोनेट जेवणानंतर घ्यायचे, कारण त्याला आम्ल लागते. पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट द्यावे. मुतखडा होऊन गेलेल्या बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियमची गोळी देऊच नये.

आणि थायरॉइड. या वयातल्या कितीतरी बायका सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेतात आणि “सगळ्या गोळ्या एकदाच उरकू” म्हणून कॅल्शियम-लोहही त्याच वेळी गिळतात. थायरॉक्सिन आतड्यातच अडकते, टीएसएच (थायरॉइड कमी पडत असल्याचा रक्तातला आकडा) वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात. मग कधीतरी कॅल्शियमची पट्टी संपते, वाढलेली मात्रा पूर्ण शोषली जाते आणि छाती धडधडू लागते. जास्तीचे थायरॉक्सिन हाडेही झिजवते. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे : थायरॉक्सिन पहाटे पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह असलेच तर वेगळ्या वेळी.

‘ड’च्या ६०,००० युनिटच्या पुडीने होणारी चूक टाळता येण्यासारखी आहे आणि म्हणूनच ती पाहून जीव तळमळतो. आठवड्याला एक, आठ आठवडे, एकूण ४ लाख ८० हजार युनिट. त्यानंतर महिन्याला एक, म्हणजे दिवसाला सरासरी २,०००. चिठ्ठीवरचे इंग्रजी अक्षर वाचता आले नाही की बाई ती रोज घेते आणि महिन्याभरात १८ लाख युनिट पोटात जातात. काही जणी आठ आठवडे संपल्यावर दुकानातून आणून वर्षभर दर आठवड्याला घेत राहतात, आणि सोबत कॅल्शियम असते. रक्तातले कॅल्शियम वाढते : मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, गुंगी, शेवटी मूत्रपिंडाला इजा. वय झाले म्हणून असे होतेच, असे म्हणून ही लक्षणे दुर्लक्षित राहतात. मोठी मात्रा म्हणजे जास्त फायदा हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या गटात पडणे आणि हाड मोडणे उलट वाढले. जिला कमतरतेची लक्षणे आहेत, उकिडवे बसून उठताना त्रास होतो, हाडे दाबल्यावर दुखतात, जी घराबाहेर पडतच नाही किंवा पूर्ण अंग झाकूनच बाहेर पडते, तिला उपचार द्या. बाकीच्यांसाठी दिवसाला ६०० युनिट, साठीनंतर ८०० ही गरज धरावी आणि रोजची छोटी मात्रा वापरावी. प्रत्येक पुडीबरोबर आठ चौकोनांचे, वाराच्या नावाचे मराठी कार्ड द्या. पुडी घेतली की चौकोनावर फुली, आठवी फुली झाली की कार्ड घेऊन केंद्रात यायचे.

अन्न व औषध प्रशासनाकडेही आमचे एक मागणे आहे, ते आपल्यामार्फत जावे. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन असते. ते रक्तात असताना थायरॉइडची तपासणी केली तर बऱ्याच यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येतात. नसलेल्या आजाराचे औषध सुरू होते. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी येऊ शकते, आणि पन्नाशीच्या बाईत, जिची छातीदुखी आधीच “गॅस” ठरवली जाते, ही चूक जिवावर बेतते. रक्त घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी “केसांची गोळी चालू आहे का? तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा” असा मराठी फलक हवा.

आता, नको त्या गोळ्या टाळून वाचलेल्या पैशांचे आणि वेळेचे काय करायचे ते. साठ किलोच्या बाईला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ताटभर भात आणि पातळ वरणात ती मिळत नाहीत. ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण म्हणजे सहा-सात ग्रॅम, अंडे सहा ग्रॅम, ३० ग्रॅम मटकीची उसळ सहा-सात ग्रॅम, वाटीभर दही पाच ग्रॅम. घरात सर्वांना वाढून झाल्यावर तळाचे वरण तिच्या वाट्याला येते, हे बदलल्याशिवाय कोणतीही गोळी स्नायू राखणार नाही. आठवड्यातून दोन उपास करणाऱ्या बाईला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही आणि शेंगदाणे सुचवावेत. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि साखर झपाट्याने वाढवतो.

चालणे चांगले, पण एकट्या चालण्याने हाड आणि स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम हवा : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्याच्या वर उचलणे, पायरीवर चढ-उतार. दहा वेळा सहज जमू लागले की वजन वाढवायचे, एरवी फायदा थांबतो. “शेतात काम करते, व्यायाम कशाला” हे अर्धेच बरोबर आहे. खुरपणीत बाई तासन्‌तास वाकलेली असते, पण मांड्यांना वाढत्या वजनाचा ताण मिळत नाही. ज्यांच्या मणक्याचे हाड आधीच दबलेले आहे त्यांना मात्र पुढे वाकून वजन उचलायला लावू नये. आणि मिश्री. कोकणापासून विदर्भापर्यंत असंख्य बायका दिवसातून दोन-तीनदा दात घासायला मिश्री वापरतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत. फॉर्मवर “तंबाखू : नाही” लिहिले जाते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारायला हवा.

अंमलबजावणी कुठून सुरू करावी, यावर आमची एकच सूचना आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांतल्या पुष्कळ जणी स्वतः पंचेचाळिशीच्या पुढे आहेत. गावचे फॉर्म भरताना त्यांचा स्वतःचा फॉर्म राहून जातो. येत्या तिमाहीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आधी त्यांचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, लिपिड आणि बी-१२ तपासावे, त्या दिवसाचे मानधन कापू नये, आणि टेप नाडीखालून कशी घ्यायची हे त्याच बैठकीत एकमेकींवर करून शिकवावे. या कामाचा मोबदला आशांच्या ठरलेल्या कामांच्या यादीत स्वतंत्र नोंदवावा.

आपले,
स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि औषधनिर्माते